सयाजींचा भंडारा आणि मी

मित्रांनो, कपडे बेतणारी कातर तुमच्या घरी असेल. मी तिच्याहून दांडगी, मेंढ्यांची लोकर उतरवणारी एक जुनी कातर आहे. माझी हकीकत कुणी ऐकावी एवढी मोठी आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

मलकापुरात मीरासाब लोहारांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं. दोन लांब पाती, मुठीजवळ एक खिळा. मला न्यायला कसबा बावड्याचे सयाजी धनगर आले होते. मीरासाब त्यांना म्हणाले, "पावणं, दसऱ्याला हिला भंडारा लावा, खुशाल लावा. पर दुसऱ्या दिवशी पुसा. हळद ओल धरती. लोखंडाला देव चालतो, ओल चालत न्हाय."

सयाजींनी हा शब्द एकोणतीस वर्षं पाळला. दसऱ्याला मला बिरोबापुढे ठेवून भंडारा लावायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ फडक्याने पुसून तेल द्यायचे. चैत्रातल्या कातरणीच्या आठ दिवस आधी मला भिंतीतल्या देवळीतून खाली काढत. खिळ्यात तेलाचे दोन थेंब सोडत, ओल्या दगडावर पाती पाजवत. धार कागदावर बघायची नाही, लोकरीच्या झुबक्यावरच बघायची, हा त्यांचा नेम. मेंढ्या नदीत धुऊन वाळल्या की आमचं काम सुरू व्हायचं. त्यांची बायको बयाबाई मेंढीचे पाय धरत. मोरी नावाची मेंढी फार भित्री होती. ती धडपडली की सयाजी म्हणत, "गप की गं! पार्लरात आलीयास समज."

"आन् मला वं कवा न्हेणार पार्लरात?" बयाबाई विचारत.

"तुला न्हेलं तर मेंढ्या वळखतील गं. मी कसं वळखायचं?"

एवढ्या वर्षांत माझ्या पात्यांनी कातडीला ओरखडासुद्धा काढला नाही. लोक मला नावाजत. श्रेय खरं सयाजींच्या हाताचं होतं, पण मी ते माझंच समजत होते.

गेल्या दसऱ्याला त्यांनी मला भंडारा लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी संयोगिता फडकं घेऊन माझ्याकडे आली. बयाबाईंनी तिचा हात धरला.

"पुसू दे की आई. गंज चढंल."

"हात लावून तर बघ! तुझ्या बाच्या बोटांचा भंडारा हाय त्यो. पुसलास तर माघारी कोन लावायचं?"

संयोगिताने फडकं मागे घेतलं. बयाबाईंनी मनाशी एक धरलं होतं. सयाजींच्या मेंढ्यांची लोकर सयाजींच्याच कातरीने उतरवायची, तिचं घोंगडं विणून घ्यायचं आणि वर्षश्राद्धाला ते बिरोबापुढे अंथरायचं. त्यासाठीच त्यांनी मला जिवापाड जपलं. मित्रांनो, मलाही ते आवडलं. धन्याच्या हातचा भंडारा अंगावर बाळगायचा मान कुठल्या कातरीला मिळतो? आत खिळा गंजत होता, पात्यांना खड्डे पडत होते आणि मी पिवळीधमक होऊन मिरवत होते.

चैत्र आला. संयोगिताने मला खाली काढलं. "आई, पाती उघडंनात. मशीनवाल्याला बोलवूया का?"

"मशीन नगं. त्येंच्या कातरीनंच व्हायचं."

"मग खिळा तरी साफ करू दे."

"टोकाकडनं घास. मुठीकडचा भंडारा ऱ्हाऊ दे."

टोकं चकाकली, जोर लावून पाती उघडली. खिळा तसाच राहिला. लोकरीच्या झुबक्यावर धार बघायची आठवण कुणालाच झाली नाही.

कातरणीला पहिली मोरीच घेतली. लेकीने पाय धरले, बयाबाईंनी मला हातात घेतलं. दोन-तीन वेळा मी कशीबशी चालले. मग मोरीच्या पोटाजवळ अडकले. बयाबाईंनी दोन्ही हातांनी जोर लावला. गंजाने धरलेला खिळा एकदम मोकळा झाला, पाती कचकन मिटली आणि लोकरीबरोबर कातडीची घडीही कापली गेली. मोरी ओरडली. मला थांबता आलं नाही.

बयाबाईंनी मला फेकलं आणि जखमेवर पदर दाबून धरला. संयोगिताने घरातून हळद आणली. रक्त थांबलं. मग बयाबाईंनी मला उचललं आणि त्याच रक्ताळल्या पदराने सगळा भंडारा पुसून काढला. मुठीवरचासुद्धा.

"संयोगिता," त्या म्हणाल्या, "बोलव तुझ्या मशीनवाल्याला."

लोकर विणकराकडे गेली आहे. घोंगडं होईल. पण त्यात माझ्या पात्यांनी उतरवलेली लोकर मूठभरच असेल. पात्यांचे खड्डे आता भरून येणार नाहीत.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची एखादी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला पुसा, तेल द्या, कामाला लावा. त्याच्या हाताची खूण जाईल म्हणून भिऊ नका. जपणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे. हे मला फार उशिरा कळलं.

मोरीची जखम भरली. रोज संध्याकाळी बयाबाई मूठभर मका घेऊन तिला हाक मारतात, "ये की गं मोरे." ती येते. पण दोन हात लांबच थांबते आणि बयाबाईंच्या हाताकडे बघत राहते.