विचारायचं नाही, बघायचं

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात मास्तरांचा एक नियम होता आणि तो नव्या शिकाऊंच्या पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितला जायचा. पेशंटला ‘दुखतं का’ असं विचारायचं नाही. मोजा उतरवायचा आणि कातडी बघायची. माणसं खोटं बोलतात. कुणी लाजेपोटी, कुणी घाईपोटी, कुणी समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून. कातडीला असली भीडभाड नसते.

हा नियम कुठून आला, तेही मास्तर सांगायचे, अगदी भरल्या सभेत माइकसमोर. चौदा वर्षांपूर्वी ते नवखे होते, नोकरी कायम व्हायची होती आणि परीक्षेसाठी त्यांनी पाय बनवला तो सख्ख्या थोरल्या बहिणीचा. अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली कापलेला. सूज पुरती ओसरायच्या आत यांनी उत्साहाच्या भरात माप घेतलं. सूज ओसरली तशी उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी सैल झाली आणि हाडाचं टोक तळाला घासायला लागलं. हे रोज विचारायचे, "ताई, दुखतं का?" ती म्हणायची, "छे रे, मस्त चालतेय." भाऊ कायम झाला त्या दिवशी ती चार घरी चालत जाऊन बातमी सांगून आली. आठवड्यानं तापानं फणफणली. जखम हाडापर्यंत पोचली होती. पाय पुन्हा कापावा लागला, या खेपेस गुडघ्याच्या वर.

"चुकीतून शिकलो," असं म्हणून मास्तर थांबायचे आणि टाळ्या पडायच्या. त्यात खोटं काही नव्हतं. चौदा वर्षांत त्यांच्या हातच्या पायानं कुणाला साधा फोड आला नाही. ते कारखान्याचे प्रमुख झाले. एक गोष्ट मात्र माइकसमोर कधी आली नाही. साऱ्या गावाच्या कातड्या तपासणाऱ्या या गृहस्थानं बहिणीच्या पायाकडे नंतर कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ती मांडीवर चादर टाकून दिवसभर खुर्चीत बसायची आणि शर्टांच्या कॉलरी शिवायची. हे यायचे, फळांची पिशवी ठेवायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि काढता पाय घ्यायचे. शरम वाटायची, हे कबूल. पण शरमेच्या आडोशाला माणूस किती सोयीनं आंधळा होतो!

एका मंगळवारी ताई आपणहून कुबड्या टेकत कारखान्यात आली.

"छोट्या, कर बाबा मला एक पाय," ती धापा टाकत म्हणाली. "नातू झालाय. लेक म्हणते, घे ना कडेवर. कशी घेऊ? दोन्ही हात कुबड्यांना. त्याला घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेले ना, तरी पुष्कळ झालं."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिन्ही शिकाऊंना हाका मारल्या, कपाटातला सगळ्यात भारी कृत्रिम गुडघा काढायला लावला. ताईला टेबलावर उताणी झोपवलं, कातडी तपासली. जुना व्रण स्वच्छ होता, कुठं लाली नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता चांगल्या पायाचा गुडघा पोटाशी धर, ताई."

तिनं धरला. त्याबरोबर कापलेल्या पायाची मांडी टेबलावरून वर उचलली गेली आणि तशीच राहिली. मास्तरांनी तळहातानं ती खाली दाबली. मग दोन्ही हातांनी दाबली. भरलेलं कपाट ढकलावं तसं झालं.

"कधी मिळेल रे?" ताईनं विचारलं.

‘महिन्याभरात’ हा शब्द जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"नाही होणार, ताई. खुबा आखडलाय. मांडी सरळच होत नाही, मग पाय अंगाखाली येणार कसा? भार कशावर टाकशील?"

"कशानं आखडला?"

"बसून बसून."

"मग काय करायला हवं होतं?"

"रोज अर्धा तास पालथं झोपायचं. पहिल्यापासून."

"एवढंच?"

"एवढंच."

ताई छताकडे बघत राहिली. "झोपले असते की रे," ती म्हणाली. "त्यात काय कठीण होतं? सुरुवातीची दोन-तीन वर्षं वाटायचं, आज हा पायाचं काहीतरी बोलेल. मग म्हटलं, याला वाईट वाटतं, कशाला विषय काढा."

"आता व्यायामानं नाही का सुटणार?" शिकाऊंतल्या मुलीनं हळूच विचारलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. सांधाच धरला होता. त्यांना हुंदका आवरेना.

ताईनं त्यांची समजूत घातली नाही. तिनं त्या मुलीचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. "दाब बघू. जोर लाव, मी मोडत नाही. हलतेय का?"

"नाही."

"असं होतं, बघ. पुढच्या बाईला वेळेवर सांग. या रे, तुम्हीपण या."

तिघांनी आळीपाळीनं मांडी दाबून पाहिली. एकानं वहीत लिहून घेतलं. मास्तर बाजूला उभे राहून रडत होते. पोरांना जन्मभर पुरेल असा धडा मिळाला होता, आणि तोही पुन्हा ताईच्याच अंगावर गिरवला गेला होता.