अल क्वोजच्या साखळीची जबानी

मी साखळी बोलतेय. दुबईची. झालं, लगेच "किती तोळ्यांची?" असं मनात आलं ना तुमच्या? अहो, सोन्याची नव्हे, लोखंडाची. अल क्वोजमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. गोपीनाथराव आले, "दो मीटर काटो" म्हणाले, दुकानदाराने कटर लावला आणि खट्! झाला माझा जन्म. ना बारसं, ना पाळणा. "पंधरा दिरहम, म्हणजे साडेतीनशे रुपये. एवढ्यात ठाण्याला दुप्पट आली असती," असं मोठ्याने पुटपुटत त्यांनी मला गाडीत टाकलं.

स्वभावाने मी कडक आहे, आधीच सांगते. गोडगोड बोलणं मला जमत नाही. हलवलं की वाजायचं, एवढंच मला येतं.

गोपीनाथरावांची बांधकामाची कंत्राटी कंपनी आहे. सुरुवातीला मी ट्रकवर परांचीचे पाइप बांधून ठेवायची. ऊन असं की हात लावेल त्याला चटका बसावा. अंगावर वाळू, कड्यांत ग्रीस, पण काम चोख! माझ्या भरवशावर पाइप भरधाव रस्त्यावरून जायचे आणि एकही कधी घसरला नाही. मला त्याचा अभिमान आहे. का नसावा?

मग ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचं कुलूप बिघडलं. गोपीनाथरावांनी मला ट्रकवरून काढलं, कपाटाच्या दोन्ही मुठींतून ओवलं आणि टोकांना टाळं ठोकलं. कपाटात काय होतं? पासपोर्ट. कंपनीत काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराचा.

आता हा माणूस म्हणजे राक्षस, असं समजू नका. दिवाळीला प्रत्येकाला फराळाचा डबा, कुणी आजारी पडलं तर स्वतः गाडी काढून दवाखान्यात. "माझी माणसं आहेत ती," असं छाती फुगवून सांगायचे. आणि पासपोर्टाचं विचारलं की, "अरे, हरवतात यांच्याकडून. मी सांभाळून ठेवतो." सांभाळून म्हणे! रोज संध्याकाळी निघताना मला दोनदा हिसका देऊन बघायचे. वस्तू हरवेल म्हणून कुणी असा हिसका देत नाही हो. माणूस निघून जाईल अशी धास्ती असली की देतात.

त्या कपाटात मरियमबीचाही पासपोर्ट होता. मरियमबी दापोलीकडची. कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. मेसभर पांगलेल्या माणसांना एका हाकेत पंगतीला बसवते, असा तिचा आवाज. गावी तिची मुलगी सलमा पहिलटकरीण, नववा महिना लागलेला. तिच्या बाळंतपणाला जायला मरियमबीने पदरचे पैसे घालून तिकीट काढलं होतं. फक्त पासपोर्ट हवा होता, आणि तो माझ्यामागे होता.

असं सगळं चाललं असताना माझं नशीब फिरलं ते एका स्पर्धेमुळे.

गोपीनाथरावांच्या पत्नी विद्युल्लताबाई महाराष्ट्र मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. मंडळाने एकपात्री प्रयोगांची स्पर्धा ठेवली. प्रायोजक कोण? अर्थात गोपीनाथराव. त्यांची अकरावीतली मुलगी पर्णिका भाग घेणार होती. तिने विषय निवडला तो असा: सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली काही कृष्णवर्णीय माणसं समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली आणि गुलामगिरीविरुद्ध भरसभेत बोलली. अशी माणसं खरोखर होऊन गेली, बायकाही आणि पुरुषही. पर्णिकाने त्या सगळ्यांची मिळून मनानेच एक बाई उभी केली आणि तिचं नाव ठेवलं हॅना.

"गुलामगिरी म्हटल्यावर साखळी हवीच," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

"विकत कशाला आणायची? ऑफिसात आहे की!" गोपीनाथराव म्हणाले.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पर्णिकाला घेऊन ते स्वतः ऑफिसात आले. मला कपाटावरून उतरवलं तशी दारं उघडी पडली आणि आतले पासपोर्टांचे गठ्ठे पोरीला दिसले. तेवढ्यात मरियमबी दारात येऊन उभी राहिली.

"शेठ, कपाट उघडलंच आहे तर माझा पासपोर्ट तेवढा द्या."

"देतो गं. नवी स्वयंपाकीण मिळू दे, की लगेच. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात."

"बाळ काय पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार आहे, शेठ?"

गोपीनाथराव हसले. त्यांना तो विनोद वाटला! त्यांनी दारं लोटली आणि मुठींना नायलॉनची दोरी बांधली.

गाडीत पर्णिकाने विचारलं, "बाबा, सगळ्यांचे पासपोर्ट तुझ्याकडे का? इट्स नॉट इव्हन लीगल. इथल्या कायद्याने ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे हवा."

"सगळेच ठेवतात गं. तू तुझं स्पीच पाठ कर."

दुबई मरीना भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर तिने जेवताना पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुन्हा. उत्तर तेच.

तालमीत विद्युल्लताबाईंनी मला पर्णिकाच्या गळ्यात घातलं. "हातांना गुंडाळ. गुडघ्यावर बस. रड. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. आणि तोंडाला जरा काळा रंग लावू. तू तशी सावळीच आहेस, थोडासा पुरेल."

अगं बाई! लोखंड असून मी शरमले. लहानपणापासून याच आईने या पोरीला उजळ करायला डाळीचं पीठ चोळलं होतं.

पर्णिकाने मला गळ्यातून काढलं. "नो वे, आई. रंग नाही आणि रडणंही नाही. ती माणसं साखळ्या घालून नव्हती बोलत. नीट कपडे करून, ताठ उभं राहून बोलायची. काही जण साखळी न्यायचे, पण दाखवायला."

"मग त्यात ड्रामा काय राहिला?"

"लोक हळहळायला यायचे ना, त्यांनाच ते विचारायचे. तुमच्या गिरण्यांमधला कापूस कोणी वेचलाय? तुमच्या अंगावरचा सदरा कोणाच्या..."

ती अर्ध्यातच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तेव्हाच ओळखलं, ही पोरगी आता गप्प बसत नाही.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत गोपीनाथराव, नव्या कुर्त्यात. मध्यंतराचे बटाटेवडे मेसमधून आलेले, म्हणून मरियमबीही होती, मागच्या दाराशी.

पर्णिका साधा राखाडी ड्रेस घालून मंचावर आली. मला तिने हातात धरलं होतं. टेबलावर ठेवलं नाही हो, आपटलं! माइकमधून असा खणखणाट झाला की पेंगणारे परीक्षकही ताठ बसले. विंगेतून विद्युल्लताबाई कुजबुजत होत्या, "गुंडाळ, अगं गुंडाळ ना!"

ती बोलली. समुद्र ओलांडून आलेली हॅना बोलली, तिला विकलं गेलं त्याबद्दल, तिच्या पाठीवरचे फटक्यांचे वळ बघायला मागणाऱ्या लोकांबद्दल, गिरणीतल्या कापसाबद्दल. लोकांनी डोळे पुसले. गोपीनाथरावांनीही पुसले, मी पाहिलं ना! आणि मग पर्णिकाने मला वर उचललं.

"ही साखळी अमेरिकेची नाही. अल क्वोजची आहे, माझ्या बाबाच्या ऑफिसातली. हिने कामगारांच्या पासपोर्टचं कपाट बांधलेलं असतं. मला माहितीये, ही गुलामगिरी नाही. हॅनाला विकलं होतं, आपल्या लोकांना पगार मिळतो. दोन्ही सारखं आहे असं मी म्हणतच नाहीये. पण आत्ता तुम्ही हॅनासाठी रडलात ना? मग त्याच डोळ्यांनी जरा इकडे..."

माइक बंद पडला. पडला कसला, विद्युल्लताबाईंनी बंद केला. पर्णिकाचा आवाज काही मोठा नाही. ती क्षणभर गोंधळली, मग टेबलापासून बाजूला सरकली आणि मागच्या दाराकडे बघून ओरडली, "मरियमबी, तुम्हीच या. तुमचं तुम्ही बोला!"

मरियमबीने हात पुसले. खुर्च्यांच्या मधून चालत मंचावर आली, टेबलाशी उभी राहिली. तिला कुठे माइक लागतो?

"शेठ, तुम्ही वाईट नाही. तुमचा फराळ मी दर दिवाळीला खाल्ला, गोड लागला. पण माझा पासपोर्ट म्हणजे फराळ नाही, तुम्ही द्याल तेव्हा मी घ्यायला. तो माझा आहे. माझी सलमा तिकडे दिवस मोजतेय. मला जायचंय."

मंडळाचे अध्यक्ष घाईघाईने उठले. "आपण सगळे मिळून मरियमबींसाठी थोडी वर्गणी काढू या..."

"बसा साहेब," मरियमबी म्हणाली. "पैसे आहेत माझ्याकडे. तिकीट काढलंय. मला दया नको, पासपोर्ट हवाय."

शाब्बास! टेबलावर पडल्या पडल्या माझी कडी न् कडी शहारली.

"ठीक आहे, उद्या सकाळी देतो. खलास!" गोपीनाथराव खाली मान घालून म्हणाले.

मरियमबीने मला उचललं. इतके दिवस मी तिला आडवी आले होते. आज पहिल्यांदा तिच्या हातात होते. तिने मला सगळ्यांसमोर धरलं. "साखळी तर इथे आहे, शेठ. तिकडे नुसती दोरी आहे. मग उद्या कशाला?"

मागच्या रांगेतून कुणाला तरी हसू फुटलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. गोपीनाथराव उठले. चेहरा लालबुंद. "यल्ला," म्हणाले, "चला."

तसेच सगळे अल क्वोजला गेलो. दोरी कापली. पहिला पासपोर्ट मरियमबीच्या हातात पडला. तिने आतला स्वतःचा फोटो पाहिला, म्हणाली, "किती बारीक होते मी!" आणि मग रडली. मंचावर नाही रडली, तिथे रडली.

"आणि बाकीचे?" पर्णिकाने विचारलं.

गोपीनाथरावांनी गठ्ठ्यांवर हात ठेवला. "उद्या सगळे सोडून गेले तर कंपनी तू चालव," म्हणाले. पण गठ्ठे त्यांनी बाहेर काढले.

कंपनी बुडाली का? छे! दोघांनी रीतसर सांगून दुसरीकडे नोकरी धरली. बाकीचे आहेत तिथेच आहेत. बुडालं ते पर्णिकाचं बक्षीस. वेळेचं बंधन मोडलं म्हणून तिला बाद केलं, आणि बाद करणाऱ्या समितीत तिची आई होती. बाबा तर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र हट्टाने रोज त्यांच्यासमोर बसूनच जेवली. सलमाला मुलगी झाली. नातीला न्हाऊमाखू घालून मरियमबी परत आली, तेव्हा पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता. सगळ्या मेसला दाखवत फिरली.

मी अजून पर्णिकाच्या खोलीत खिळ्याला लटकते आहे. विद्युल्लताबाई मला "अवलक्षणी" म्हणतात. म्हणोत बापड्या. परवा गोपीनाथराव खोलीत आले. मला हातात घेतलं, सवयीने दोनदा हिसका दिला. "चांगली आहे अजून. उद्या ट्रकवर नेतो." पर्णिकाने पुस्तकातून डोकं वर काढून नुसतं पाहिलं.

"पाइपांसाठी गं," ते म्हणाले. "फक्त पाइपांसाठी."

ऐकून जीव सुखावला माझा. ऊन, वाळू, ग्रीस, सगळं चालेल मला. तेव्हा मंडळी, मला अडगळीत टाकू नका, कामाला लावा. पाइप बांधा, ट्रकचा फाळका बांधा, गोदामाचं गेट बांधा, मी हूं की चूं करणार नाही. पण पुन्हा कुणाचा पासपोर्ट माझ्यामागे ठेवलात, तर याद राखा. मी वाजेन. आवाज कसा होतो, ते गोपीनाथरावांना विचारा.