परकी बॅटरी

सकाळच्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला 'टाचणी' नावाचं सदर यायचं, आणि ते लिहिणारीला ओळखीपाळखीतले सगळे टाचणीबाईच म्हणायचे. तिचा रोख ठरलेला असे: तंत्रज्ञानाच्या बड्या कंपन्या आणि त्यांच्या पुढेपुढे करणारे पुढारी. "कंपनी तुम्हाला फोन विकत नाही, फोन हातात धरायची परवानगी विकते," असं तिनं एकदा लिहिलं होतं. "अटी मान्य करायचं बटण हिरवं नि तळहाताएवढं असतं, अमान्य करायचं बटण शोधायला मात्र कंदील घेऊन निघावं लागतं," असंही. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचं ना, असं विचारणाऱ्या एका वाचकाला तिनं उत्तर दिलं होतं, "फुकट नव्हे हो. खानावळीत पैसे द्यायचेच. फक्त स्वयंपाकघरात डोकावलं तर बखोट धरून हाकलू नये, एवढंच मागणं." लोक हसायचे, लेख एकमेकांना पाठवायचे आणि पुढच्याच क्षणी कुठलं तरी हिरवं बटण दाबून मोकळे व्हायचे.

घरात या विनोदांना फारसा भाव नव्हता. तिचे वडील, नाना, जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम करत आले होते. लेकीचा लेख वाचून ते विषयाबद्दल चकार शब्द काढत नसत, ऱ्हस्वदीर्घ तेवढे दाखवत. आणि धाकटा भाऊ तर थेट शत्रूच्या गोटातला. घरी वापरायची श्वासयंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो दुरुस्ती विभाग सांभाळायचा. नानांच्या फुप्फुसांनी हात टेकले तेव्हा यंत्र त्यानंच आणून बसवलं होतं. "तू टाचण्या टोच, मी यंत्रं चालू ठेवतो," तो म्हणायचा. "नानांना कशाचा जास्त उपयोग होतो ते त्यांनाच विचार." नाना अशा वेळी पेपरात डोकं खुपसून बसायचे.

ज्या दुपारी हे सगळं घडलं, त्या दुपारी टाचणीबाई टेबलाशी बसून आपलं निवेदन लिहीत होती. विकत घेतलेली वस्तू उघडून दुरुस्त करायचा हक्क मालकाला असावा, अशा कायद्याचा मसुदा विधिमंडळापुढे आला होता. दुसऱ्या दिवशी समितीपुढे सुनावणी होती आणि तिला बोलायला बोलावलं होतं. पलीकडच्या खोलीत नाना मुखवटा लावून जेवणानंतरचे आडवे झाले होते. यंत्राची संथ घरघर घराला इतकी सवयीची झाली होती की ती कुणाला ऐकूच येत नसे.

ती थांबली तेव्हा ऐकू आली.

टाचणीबाई धावत गेली. यंत्राच्या पडद्यावर एक ओळ झळकत होती: 'अनधिकृत भाग आढळला. यंत्र सुरक्षित अवस्थेत नेण्यात आले आहे.' कुणासाठी सुरक्षित, ते लिहिलेलं नव्हतं. हवा येत होती, पण फुंकर मारावी तेवढीच. नानांनी मुखवटा एका हातानं घट्ट दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातानं चादर मुठीत आवळली होती.

तिच्या लगेच ध्यानात आलं. जुनी बॅटरी गेली होती. कंपनीकडे धाकट्याकरवी मागणी नोंदवून कित्येक आठवडे झाले, तरी नवीचा पत्ता नव्हता. अखेर तिनं धाकट्याला न सांगता गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून दुसरी घालून घेतली. यंत्र झकास चालत होतं. आज कधीतरी कंपनीकडून परस्पर नवं सॉफ्टवेअर आलं असणार आणि त्यानं घरातला परका माणूस हुडकून काढला असणार.

नानांना उठवून उशीला टेकवत तिनं आधी रुग्णवाहिका बोलावली. पुलावर काम चालू आहे, वळसा घालून यावं लागेल, असं उत्तर आलं. मग धाकट्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "निघालो," एवढंच म्हणाला. मग तिनं कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ सनई वाजली आणि मग एक गोड आवाज आला.

"नमस्कार, मी आपली काय सेवा करू?"

"वडिलांचं श्वासयंत्र तुम्ही बंद पाडलंय. ते चालू करा."

"मॅडम, यंत्र बंद नाहीये. ते सुरक्षित अवस्थेत आहे."

"यंत्र सुरक्षित आहे. वडील नाहीत."

"आपली अडचण मला समजते. यंत्र अधिकृत केंद्रात आणलंत तर..."

"ते आत्ता त्यांच्या नाकाला लावलंय हो. बरं, निदान तक्रार लिहून घ्या."

तोच आवाज जरा खाली आला, माणसासारखा झाला. "ताई, परका भाग दिसला की तक्रारीचं पान माझ्याकडे उघडतच नाही. खरंच नाही उघडत. तुम्ही रुग्णवाहिका बोलवा."

टाचणीबाईनं फोन ठेवला. एवढी वर्षं ती ज्या गोष्टीची टिंगल करत आली, ती आता तिच्या वडिलांच्या छातीवर बसली होती आणि तिला एकही विनोद सुचत नव्हता. नानांचे ओठ काळसर व्हायला लागले होते. ती त्यांची पाठ चोळत राहिली. "हळू घ्या, नाना. हळू. आलाच तो." नाना तिच्याकडे बघत होते, पण काही बोलत नव्हते. बोलायला लागणारी हवा त्यांना परवडण्यासारखी नव्हती.

धाकटा आला तो जिना चढून धापा टाकतच. त्यानं पडदा वाचला, यंत्र पालथं केलं, बॅटरी बघितली.

"ही कुणी बसवली?"

"मी बसवून घेतली. तुमची येईपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरायचा होता का?"

त्यानं खिशातून बोटाच्या पेराएवढी एक काळी किल्ली काढली. संगणकाला लावतात तसली. ती यंत्राच्या मागच्या खाचेपाशी नेली आणि तिथंच थांबला.

"काय झालं?"

"ही लावली की माझं नाव, जागा, वेळ, सगळं मुख्यालयात जातं. परकी बॅटरी असलेलं यंत्र उघडलं तर सरळ घरी पाठवतात. मागच्या वर्षी एकाला पाठवलं. तो कागद मीच टाईप केला होता."

"लाव" हा शब्द टाचणीबाईच्या तोंडाशी आला होता, पण तो तिनं गिळला. तिची नोकरी जाणार नव्हती. धाकट्याच्या घरी बायकोला सातवा महिना चालू होता.

नानांनी डोळे मिटले. धाकट्यानं किल्ली आत सारली.

यंत्रानं एक लांब शीळ घातली आणि घरघर परत सुरू झाली. नानांची छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. चादरीवरची मूठ सैल झाली. दोघं भावंडं पलंगाच्या दोन बाजूंना बसून त्या छातीकडे बघत राहिली, कुणी कुणाकडे बघितलं नाही. पुढे रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी तपासलं, धोका टळल्याचं सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर काय, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

डॉक्टर गेल्यावर धाकटा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. ती मागोमाग गेली.

"उद्या तू समितीपुढे जाणार," तो पाठमोराच म्हणाला.

"हो."

"हे सांगणार?"

"मग काय सांगू? तेच तर सांगत आलेय गेली कित्येक वर्षं. आता पहिल्यांदा हातात काहीतरी आहे."

"तुझ्या हातात माझी मान आहे," तो म्हणाला. "यंत्र बंद पडलं म्हणालीस, की पुढचा प्रश्न काय येणार? चालू कसं झालं. त्याचं उत्तर मी आहे." त्यानं पेला धुऊन पालथा घातला. "जाऊ नको असं मी म्हणणार नाही. जा असंही म्हणणार नाही. तुझं तू ठरव."

नानांना विचारलं, तर ते मुखवटा बाजूला करून म्हणाले, "मला मध्ये घालू नका. तुमच्या भांडणात माझा श्वास एकदा अडकलाय, तेवढा पुरे."

दुसऱ्या दिवशी ती घराबाहेर पडायच्या आधीच फोन आला. कंपनीची वकीलबाई बोलत होती. आवाजात तूप. काल आपल्याकडे काही तांत्रिक प्रसंग घडला असं कळलं, वडिलांची तब्येत कशी आहे, आपल्या बंधूंसारखा गुणी माणूस गमवायची कंपनीची मुळीच इच्छा नाही. "घरगुती बाब म्हणून आम्ही ते मिटवू शकतो. आपणही तिला घरगुतीच ठेवावं. आपले विचार जरूर मांडा. आपले विनोद तर आम्ही सगळे आवडीनं वाचतो."

टाचणीबाईला त्या धमकीपेक्षा ते शेवटचं वाक्य झोंबलं. आवडीनं वाचतात. म्हणजे आजवर एकही टाचणी आत शिरली नव्हती.

समितीची खोली लांबट होती, मधोमध टेबल आणि भिंतीलगत खुर्च्या. सत्ताधारी पक्षाचे सदस्य एका बाजूला, विरोधक दुसऱ्या. सरकार बदललं की हे बाजू बदलतात, पण कंपनीची माणसं खिडकीशेजारी बसतात ती तिथंच बसतात, असं तिनं कधीतरी लिहिलं होतं. आजही ती माणसं तिथंच बसली होती. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर. मागच्या सरकारात मंत्री असताना कंपनीच्या कारखान्याची फीत त्यांनीच कापली होती, त्यामुळे टाचणीबाईला त्यांच्याकडून काही आशा नव्हती.

आधी वकीलबाई बोलल्या. वैद्यकीय यंत्रं कुणीही उघडायला लागलं तर रुग्ण दगावतील, म्हणून परका भाग दिसताच यंत्र अडवणारं हे कुलूप रुग्णाच्याच भल्यासाठी आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि या कुलपामुळे आजवर एकाही रुग्णाला त्रास झालेला नाही. आमच्याकडे अशी एकही तक्रार नोंदलेली नाही."

टाचणीबाईची पाळी आली. हातात निवेदन होतं, खुसखुशीत, जागोजागी हशा येईल असं बेतलेलं. ती ते वाचणार होती आणि घरी जाणार होती. रस्ताभर तिनं तेच पक्कं केलं होतं. पण 'एकाही रुग्णाला' हे शब्द तिच्या कानातून जाईनात. तिनं कागद टेबलावर ठेवला.

"काल दुपारी माझे वडील या कुलपामुळे मरणाच्या दारात गेले होते," ती म्हणाली. "तक्रार नोंदलेली नाही, कारण परका भाग दिसला की तक्रार नोंदताच येत नाही. मी प्रयत्न केला."

आणि तिनं सगळं सांगितलं. पडद्यावरची ओळ, सनई, नानांचे ओठ. कुणी हसलं नाही. धाकट्यापाशी येऊन मात्र ती थांबली.

"मग यंत्र पुन्हा चालू कसं झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"सांगणार नाही, इतकंच."

सत्ताधारी बाकावरचा एक सदस्य खुर्चीत मागे रेलला. "बाई, तुम्ही विनोदी लेखिका. कथा चांगली रंगवलीत. पण शेवट नाही, पुरावा नाही, तक्रार नाही. समितीनं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

एक नाव घेतलं असतं तर सगळं खरं ठरलं असतं. ती गप्प उभी राहिली. गप्प राहणं एवढं जड असतं, हे बोलण्यावर पोट असलेल्या त्या बाईला तेव्हा कळलं.

खिडकीशेजारून वकीलबाई उठल्या. आता आयतं मैदान मिळालंय असं त्यांना वाटलं असावं. "अध्यक्ष महोदया, या का सांगत नाहीत ते मी सांगते. यांचे सख्खे बंधू आमच्याकडे नोकरीला आहेत. कंपनीची किल्ली बेकायदा वापरून त्यांनी काल दुपारी ते यंत्र उघडलं. आमच्याकडे त्याची मिनिटामिनिटाची नोंद आहे. ही माणसं नियम मोडतात आणि वर कायदा मागतात."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "नोंद आहे म्हणता?"

"पूर्ण नोंद आहे."

"त्या नोंदीत किल्ली लावण्याआधी यंत्र कुठल्या अवस्थेत होतं?"

वकीलबाई हातातले कागद चाळू लागल्या.

"कुलूप लागलेलं होतं," अध्यक्षबाईच म्हणाल्या. "आणि आत रुग्ण होता. तुम्ही थोड्या वेळापूर्वी म्हणालात, एकही नाही." त्या लेखनिकाकडे वळल्या. "ती नोंद समितीपुढे हजर करायला सांगा. आजच."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण टाचणीबाईला तसं वाटेना. धाकट्याचं नाव तिनं घेतलं नव्हतं, तरी ते भर सभेत घेतलं गेलं होतं, आणि ती आली नसती तर घेतलं गेलं नसतं.

त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवलं. तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. भावजयीनं उचलला. म्हणाली, "त्यांना थोडे दिवस एकटं राहू द्या."

कायदा पुढे झाला, पण अर्धामुर्धा. वैद्यकीय यंत्रांना कुलूप घालायला बंदी आली. फोन, गाड्या, शेतीची अवजारं, सगळं मसुद्यातून गळलं. सत्ताधाऱ्यांनी विजयसभा घेतली, विरोधकांनीही घेतली, आणि कंपनीनं 'आम्ही रुग्णाच्या हक्काच्या बाजूनं' अशी पानभर जाहिरात दिली. ती टाचणीबाईच्या सदराच्या अगदी शेजारी छापून आली. त्या आठवड्यात तिनं लेख दिलाच नाही.

धाकट्याला बरेच महिने काम मिळालं नाही. मग एका सरकारी रुग्णालयानं यंत्रांची देखभाल करायला त्याला ठेवून घेतलं. पगार पहिल्यापेक्षा बराच कमी. तोवर तो नानांकडे यायचा, पण ती बाहेर गेलेली बघून यायचा. बाळ झाल्यावर एका रविवारी मात्र तिघं मिळून आली. बाळ नानांच्या मांडीवर होतं, भावजय शेजारी बसली होती. धाकटा यंत्राची गाळणी बदलत होता आणि टाचणीबाई पेचकस हातात धरून उभी होती.

"एक विचारू?" तो वर न बघता म्हणाला. "ती वकीलबाई बोलली नसती तर तू माझं नाव सांगितलं असतंस?"

"नाही."

"कायदा पडला असता."

"पडला असता."

"आणि तुला सगळ्यांनी खोटारडी ठरवलं असतं."

"ठरवलं असतं."

त्यानं झाकण बसवलं, तिच्या हातून पेचकस घेतला आणि एकेक स्क्रू आवळत गेला. "तरी जायला नको होतंस असं मला अजून वाटतं," तो म्हणाला. "रोज सकाळी वाटतं. आणि रुग्णालयात एखादं कुलूप निघालेलं यंत्र हाती आलं की वाटेनासं होतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटतं."

त्यानं बटण दाबलं, हवेचा जोर हातावर घेऊन बघितला आणि मुखवटा नानांकडे दिला. मग बाळाला घ्यायला वाकला, आणि सरळ होता होता ते तिच्या हातात ठेवून हात धुवायला गेला.