छतातला नकार

दाराबाहेर चपलांचा ढीग, बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नाही आणि सगळ्यांच्या माना वर, छताकडे. खुर्चीवर बसलेल्या महाराजांनी डोळे मिटले. "गृहस्वामी, तुमची धाकटी लेक नोकरीसाठी परगावी निघाली आहे. तुमची संमती आहे?"

छतातला दिवा विझला.

समोरच्या काकूंनी तोंडात बोटं घातली. "बघा, माणूस गेला, पण लेकीची काळजी सुटली नाही." आई डोळे पुसू लागली.

धाकटी हाताची घडी घालून कोपऱ्यात उभी होती. विज्ञानाच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि एक दिवा तिची वाट अडवून बसला होता. हयात असताना बाबांनीच तिला हौसेनं शिकवलं. पण महाराजांच्या ओळखीतली माणसं मेल्यावर फार कडक होत असावीत.

गेला महिनाभर हा दिवा लागायचा, काही वेळानं विझायचा, मग आपोआप यायचा. दादानं बल्ब बदलला. नवा बल्बही विझला. झालं, तपास संपला. बल्ब चांगला आणि तरी अंधार, म्हणजे वडीलच. काकूंना महाराज माहीत होते आणि महाराजांना सगळंच माहीत होतं. त्यांची अट एकच, ते येण्याआधी बराच वेळ दिवा लावून ठेवायचा. "आत्म्याला स्थिरस्थावर व्हायला अवधी लागतो," ते म्हणत. आत्मा एवढं काय सामान घेऊन येत होता, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. धाकटीनं दिवा लावला आणि कपड्यांना इस्त्री करत बसली. नोकरीचं नाव नाही, कसला प्रश्न नाही. दिवा विझलाच. बाबांचा इस्त्रीलाही विरोध असेल, हे तिला काही पटेना. ती शिडी लावून माळ्यावर चढली, दिव्याच्या बरोबर वरच्या जागी हात घातला आणि चटका बसला तसा मागे घेतला. खाली येऊन तिनं बटण बंद केलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला त्याला हात लावू दिला नाही.

महाराज अंतिम कौल घ्यायला दारात आले तेव्हा कुठे तिनं दिवा लावला.

"गृहस्वामी, संमती आहे?"

दिवा लख्ख.

"गृहस्वामी, नीट ऐका." दिवा लख्ख. महाराजांनी मंत्र म्हटला, मग तोच मोठ्यानं म्हटला, मग पाणी मागितलं. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आज दिवा उशिरा लावला का?"

"लावला की," धाकटी म्हणाली. "पण बाबा घड्याळ लावून येत होते की काय?"

कुणीतरी खुसकन हसलं. ती माळ्यावर चढली आणि तिथून एक जाड लोकरी पांघरूण खाली टाकलं. "हा दिवा बारा व्होल्टचा. घरातली वीज त्याला झेपत नाही, म्हणून वर ट्रान्सफॉर्मरची डबी बसवलीय. ती फार तापली की स्वतःच बंद पडते, गार झाली की पुन्हा सुरू होते. आणि ती तापत होती, कारण हे तिच्यावर टाकलं होतं."

"ह्यांचं पांघरूण," आई हळूच म्हणाली. "मीच ठेवलं वर, महिन्यापूर्वी. कपाट उघडलं की दिसायचं. टाकूनही देववेना."

एवढ्यात महाराजांनी काढता पाय घेतला. त्यांच्यामागून गर्दीही पांगली. काकू मात्र जाताना म्हणाल्या, की त्यांना आधीपासूनच शंका होती.

आई पांघरुणाची घडी घालत राहिली. "म्हणजे तू जाऊ नयेस, असं त्यांना वाटत नव्हतं तर."

"नाही, आई."

"मला वाटत होतं. दिवा विझला की मला बरं वाटायचं."

धाकटीला राग आला आणि रडूही आलं. "मग ते तू म्हणायचंस. तुझ्याशी भांडले असते, तुझी समजूत काढली असती. दिव्याशी मी काय बोलणार? दिवा गेला तर वायर बघायची, डबी बघायची. आणि मनात असेल ते आपल्या तोंडानं सांगायचं. गेलेल्या माणसाच्या तोंडी का घालायचं?"

आईनं घडी केलेलं पांघरूण मांडीवर घेतलं.

"जा," ती म्हणाली. "पण मला रडू येणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते."