पाठमोरे भासरे

कस्तुराबाई लग्न होऊन केनवडच्या घरात आली त्याला एक्कावन्न वर्षं झाली, पण आपल्या भासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, तोंड तिने कधी धड पाहिलं नव्हतं. बबनराव तिला ठाऊक होते ते पायांवरून आणि खाकरण्यावरून. घरात शिरण्याआधी ते दारातच खाकरत, आणि तेवढ्यात तिचा पदर तोंडावर येई. काही सांगायचं असलं तर मध्ये पोर लागे, पोर नसलं तर भिंत. "भिंतीबाई, ताट वाढलं म्हना," असं ती म्हणे, आणि उत्तरही भिंतीलाच मिळे. घरच्या सुनांना आता याचं हसू येतं. येऊ द्या. पण तो पदर काही तिने एकटीनेच सांभाळला नव्हता. खाकरणाऱ्यानेही सांभाळला होता.

तिची लेक साधना बंगळूरला होती. तीन वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं. परवा फोन आला, पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, आज भरती, उद्या सकाळी आठला आत नेणार. "आई, मले तूच पाह्यजे," एवढंच ती बोलली. कस्तुराबाईचे यजमान चंपतराव जाऊन अठरा वर्षं झालेली. एकटी बाई विमानाने कशी जाईल म्हणून बबनरावांनी काठी उचलली आणि स्वतःचंही तिकीट काढायला लावलं.

नातू शिवमने गाडीने दोघांना नागपूरला आणलं. विमानतळाच्या दाराशी मात्र त्याला अडवलं. तिकिटाशिवाय आत जाता येत नाही. कस्तुराबाईला रिसोडचा स्टँड आठवला. साधनाला सासरी बोळवताना अर्धी आळी एसटीत चढली होती. कंडक्टर ओरडला तरी कोणी उतरेना. साधना रडता रडता हसत होती. इथे काचेच्या अलीकडे रडायचं, पलीकडे जायचं.

दारातल्या जवानाने बबनरावांचं आधार पाहिलं, तोंड पाहिलं आणि आत सोडलं. ते चार पावलांवर, तिच्याकडे तोंड करून थांबले. मग जवानाने तिचं कार्ड हातात घेतलं. "माताजी, पल्लू पीछे कीजिए. चेहरा मिलाना है."

तिने पदर भुवईपर्यंत वर सरकवला.

"पूरा, माताजी."

जवान पोरगेला होता, अदबीने बोलत होता. त्याची तरी काय चूक? कोणाच्या पदराआड काय असतं हे त्याने कसं ओळखावं, आणि विमानात बसणाऱ्या शे-दीडशे माणसांचा जीव त्याच्याच डोळ्यांवर. त्याने सांगितलं की बाई शिपायाला बोलावतो, बाजूला बसा, थोडा वेळ लागेल. थोडा म्हणजे किती ते त्यालाही सांगता येईना. विमान काही एसटी नव्हे, हात केला की थांबायला.

मागे रांग चुळबुळायला लागली. दाराबाहेरून शिवमने गळा ताणला. "आजी, हटव ना पदर. दोन सेकंदाचं काम हाय. कोन पाह्यते तुले?"

"कोन पाह्यते, तेच तर हाय ना बाबू," ती पुटपुटली.

परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण उद्या आठ वाजता साधना दाराकडे डोळे लावून असणार. हात पदराला गेला आणि तिथेच थिजला.

तेवढ्यात काठी टेकल्याचा आवाज आला. खालमानेने तिला पाय दिसले. ते पाय सावकाश, एकेक करून फिरले. आता टाचा तिच्याकडे होत्या. येणारे-जाणारे धक्के देत होते, कोणी "बाबा, आगे चलो" म्हणत होतं, पण बबनराव काठीवर दोन्ही हात ठेवून पाठमोरे उभे राहिले.

कस्तुराबाईने पदर खांद्यावर टाकला. पांढऱ्या भांगाला गार वारा लागला. जवानाने कार्ड पाहिलं, तिला पाहिलं. "हो गया, माताजी. जाइए."

चार पावलं पुढे जाऊन ती पदर डोक्यावर घेणार, तोच तिची मान वर झाली. समोर बबनरावांची पाठ होती. टोपीखाली मानेचा तो खोलगट भाग, बाहेर आलेले कान, डावा खांदा जरा उतरता. चंपतरावांचा असाच उतरायचा, शेताचं ओलित करून घरी येताना. ते साठीही न गाठता गेले. म्हातारे झालेले तिने पाहिलेच नाहीत. झाले असते तर असेच वाकले असते, असेच काठीवर भार देऊन तिच्यासाठी थांबले असते.

मागून कोणीतरी पुढे सरकायला सांगितलं. ती सरकली नाही.

"झालं काय?" बबनरावांनी न वळता विचारलं. मध्ये पोर नव्हतं, भिंतही नव्हती.

"थांबा जरासे," ती म्हणाली.

ते थांबले.