शमिकाला एकटीला फिरता येईल अशी वस्ती

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझ्या पाठीचं निळं कापड विटून राखाडी झालं आहे. डाव्या चाकाच्या काही तारा नंतर बदललेल्या आहेत, त्या बाकीच्यांपेक्षा जास्त चकाकतात. मी रत्नागिरीची नाही. इथे मी फार लांबून आले, आणि येताना जी काळजी घेऊन आले ती अजून पुरती गेलेली नाही.

माझा जन्म नागपूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेल्या बाकीच्या खुर्च्या मोठ्या होत्या, त्या दवाखान्यांत गेल्या. मी मापाने लहान, म्हणून दुकानात बरेच दिवस मागे पडून राहिले. मग भिलाईहून विनीत आणि नम्रता हे जोडपं आलं. त्यांची मुलगी शमिका तेव्हा पहिलीत जाणार होती. जन्मापासून तिच्या पायांत जोर नव्हता. मला दुमडायचं कसं ते दुकानदार तिच्या आईबाबांना दाखवत होता, तोवर ती सरपटत येऊन माझ्या चाकाला धरून वर चढायला लागली होती.

भिलाई म्हणजे आखून वसवलेलं गाव. रस्ते रुंद, सपाट आणि दोन्ही बाजूंना झाडी. पहिल्या वर्षी नम्रता मला ढकलायची. मग शमिका स्वतः चाकं फिरवायला शिकली. आईने कढीपत्ता सांगितला की आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायचो, सोबत कुणी नसायचं. विनीत दर रविवारी माझ्या चाकांत हवा भरायचा आणि सांध्यांना तेल द्यायचा. मला वाटायचं, सगळं जग असंच सपाट असेल.

शमिका पाचवीत असताना विनीतच्या कंपनीचं भिलाईतलं काम आटोपलं. त्याला रत्नागिरीला, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली. तो मूळचा देवरूखजवळच्या एका वाडीतला, त्यामुळे त्याला आनंद झाला. नम्रता मात्र काळजीत पडली. ती लग्नानंतर त्या वाडीत राहून आली होती.

"तुझ्या गावात मला सपाट जागा आठवतच नाही रे," ती म्हणाली.

"रत्नागिरी शहर आहे. मिळेल काहीतरी," विनीत म्हणाला.

मग रोज संध्याकाळी फोनवर घरांचे फोटो बघणं सुरू झालं. फोटोत खोल्या असत, ओटे असत, खिडकीतून दिसणारा समुद्रही असे. दारापुढचा रस्ता कुणीच दाखवत नसे. नम्रता घरमालकांना पायऱ्यांबद्दल विचारायची. उत्तर ठरलेलं असायचं, "छे हो, चारच तर पायऱ्या आहेत." फोन ठेवून ती माझ्याकडे बघत बसायची. चार पायऱ्या म्हणजे माझ्यासाठी भिंत, हे त्या घरात तिच्याइतकं मलाच ठाऊक होतं.

सामान ट्रकने पुढे गेलं आणि आम्ही रेल्वेने. त्या गडबडीत माझ्या चाकांत हवा भरायची राहिली. एप्रिल संपत आला होता. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी घर ठरायला हवं होतं. तोवर मुक्काम विनीतच्या थोरल्या बहिणीकडे, कमळाआत्याकडे होता.

आत्याचं घर त्याच वाडीच्या तळाशी होतं. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी उतरते. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. तिच्यावर माझा काय उपयोग? विनीतने शमिकाला पाठीवर घेतलं आणि मला वर एका शेजाऱ्याच्या गोठ्यालगत उभं करून ठेवलं. दिवसच्या दिवस मी तिथे. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. खालून शमिकाचं हसणं ऐकू यायचं, पण ती वर यायची ती कुणाच्या तरी पाठीवर, दुसऱ्याला वेळ असेल तेव्हा.

एकदा सगळी वर रस्त्याला आली होती. आत्या मायेने म्हणाली, "विनू, शहरात कशाला जातंस? इथंच रवा. पोरीला उचलायला माणसं काय कमी हायत?"

शमिका तेव्हा नुकतीच माझ्यावर बसली होती. ती म्हणाली, "आत्या, उचलायला माणसं आहेत. पण मला कधी जायचं ते मग तीच ठरवतात."

 आत्याने शमिकाच्या केसांवरून हात फिरवला.

विनीतने मित्राची गाडी मागून घेतली आणि आमचा शोध सुरू झाला. रत्नागिरी कुठे समुद्रालगत, कुठे उतारावर, तर कुठे वर सड्यावर पसरलेली आहे. सडा म्हणजे कातळाचं माळरान. खाली किनाऱ्याच्या बाजूला एक घर फार सुंदर होतं, पण रस्त्यावर वाळू, आणि वाळूत माझी पुढची चाकं रुततात. बाजारपेठेतल्या एका इमारतीत लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत जायला पायऱ्या होत्या. प्रत्येक घरातून बाहेर पडताना नम्रताचा चेहरा आणखी ओढलेला दिसायचा.

मग एक जागा सगळ्यांना आवडली. इमारत नवी, लिफ्ट मोठी आणि दाराशी पायरी नाही. फक्त इमारतीपुढचा रस्ता उताराचा होता. नम्रताने मला फाटकाजवळ उभं केलं, ब्रेक लावला आणि ती मालकाला पाण्याबद्दल विचारायला वळली. विनीत गाडी लावत होता. माझा ब्रेक चाकाच्या रबरावर दाबून बसतो, मित्रांनो. चाकात हवाच नसेल तर तो दाबणार कशावर? शमिका जरा पुढे वाकली आणि मी हलले.

आधी अगदी सावकाश. मग रस्ता मला ओढू लागला. मागून नम्रताने हाक मारली, तोवर आम्ही फाटकापासून बऱ्याच खाली होतो. शमिकाने दोन्ही हातांनी चाकं पकडली. तिच्या तळहातांची सालटी निघत होती ते मला कळत होतं, पण मला थांबता येत नव्हतं. खाली वळण होतं आणि वळणावर मोठा रस्ता. शमिकाने डावा हात घट्ट आवळला आणि उजवा सोडून दिला. मी गर्रकन वळले आणि गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, जाऊन आदळले. माझ्या डाव्या चाकाच्या तारा तुटल्या. शमिका माझ्यावरच होती. तिचे हात रक्ताळले होते, आणि ती अजिबात रडत नव्हती, याचीच मला जास्त भीती वाटली.

परतीच्या वाटेवर नम्रताने गाडीतच शमिकाच्या तळहातांना पट्ट्या बांधल्या. शेवटी विनीत म्हणाला, "बस झालं. शहराबाहेरचं ते घरांचं संकुल आपण बघितलं होतं ना, तेच घेऊया. सपाट आहे, फाटक आहे, पहारेकरी आहे. शाळेला गाडीने जाईल, गाडीने येईल."

"हो, तेच बरं," नम्रता म्हणाली. 

"आणि संध्याकाळी?" शमिकाने विचारलं.

"संध्याकाळी आत खेळायचं. आतच बाग आहे."

"तिथे मुलं नाहीत आई. मी विचारलं होतं. बहुतेक घरं सुट्टीत येणाऱ्यांची आहेत."

"मुलं नसली तर नसली. तू हवीस आम्हाला," विनीत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि त्यात राग कमी, घाबरणंच जास्त होतं.

मागच्या बाजूला दुमडून ठेवलेली मी हे ऐकत होते. मला विनीतचं पटत होतं आणि शमिकाचंही. ती वळली नसती तर काय झालं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण फाटकाच्या आत चकरा मारत मोठी होणारी शमिकाही माझ्या डोळ्यांपुढे येत होती.

दुसऱ्या दिवशी विनीतने देवरूखच्या सायकलवाल्याकडून माझ्या तारा बदलून घेतल्या, चाकांत हवा भरली आणि ब्रेक पुन्हा पुन्हा ओढून बघितला. तो माझ्याशी कधी बोलत नसे. त्या दिवशी माझ्या चाकावर हात ठेवून तो नुसताच बसून राहिला.

संकुलाचे कागद करण्याआधी एक शेवटचं घर बघायचं राहिलं होतं. नाचणे गावाच्या सड्यावर, आतल्या एका वस्तीत. घर जुनंच होतं, बैठं, आणि दाराला दोन पायऱ्या. नम्रताने पायऱ्या बघितल्या आणि ती परत फिरणार, तेवढ्यात शमिका म्हणाली, "रस्ता बघ ना आई."

रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंना गडगे, आत आंबा-फणस, आणि एका फाटकाला टेकवलेल्या मुलांच्या सायकली. शाळा त्याच रस्त्याच्या टोकाला होती, मधे एक वळण घेऊन.

"मी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येते," शमिका म्हणाली. "एकटी."

"मुळीच नाही," नम्रता म्हणाली.

"मग मला हे घर बघायचंच नाही. कुठलंच बघायचं नाही. तुम्ही ठरवा."

विनीतने खाली बसून माझा ब्रेक लावला, काढला, पुन्हा लावला. चाकं दाबून बघितली. "जाऊ दे तिला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपण इथेच आहोत."

आम्ही निघालो. तळहातांना पट्ट्या होत्या म्हणून शमिका सावकाश चाकं फिरवत होती. वळण घेतलं आणि तिचे आईबाबा दिसेनासे झाले. समोरून दुधाचा टेम्पो आला, आम्ही गडग्याला लागून थांबलो, तो गेला. शाळेचं फाटक दिसायला लागलं, आणि नेमकं तिथे गटारावरच्या दोन लाद्यांमधे माझं पुढचं चाक अडकलं.

शमिकाने जोर लावला. मी हलले नाही. तिने मागे रेटा दिला, तर चाक आणखी खाली गेलं.  मला ते उताराचं वळण आठवलं, आणि तिलाही आठवलं असणार. वळणापलीकडे आईबाबा होते, हाक मारली असती तर धावत आले असते. ती हाक मारेना. मारली असती तर संकुल ठरलंच होतं.

कोपऱ्यावरच्या घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, एक बाई कोकमं फोडत बसली होती. गंगुबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. ती उठून आली. मला वाटलं, आता ही शमिकाला काखेत घालून उचलणार, सगळे तेच करतात. पण ती समोर उभी राहिली.

"अडकलीस गो बाय? मी काय करू ता सांग."

घाबरल्यामुळे शमिकाच्या तोंडून आधी भिलाईची हिंदीच आली. "धक्का मत दीजिए." मग ती सावरली. "ढकलू नका. मागच्या दोन मुठी धरा आणि खाली दाबा. पुढची चाकं आपोआप वर येतील."

"हात लाल हायत गो माझे, कोकमाचे."

"चालतील."

गंगुबाईने मुठी दाबल्या. माझं पुढचं अंग उचललं गेलं, चाक सुटलं. तेवढ्यात एक मुलगी सायकलवरून येऊन थांबली. ती गंगुबाईची नात, दीपाली.

"तुझे ब्रेक हाताचे आहेत? बघू?" तिने विचारलं.

मग काय, ब्रेक दाखवण्यात, कितवीत आहेस हे विचारण्यात आणि शाळेच्या फाटकाला हात लावून येण्यात वेळ गेला. आम्ही परत फिरलो, तोच नम्रता वळणावरून धावत आली. तिने आधी शमिकाला बघितलं, मग माझ्या मुठींवरचे लाल डाग, आणि ती मटकन रस्त्यातच बसली.

"रक्त नाही आई, कोकम आहे," शमिका म्हणाली. "मी अडकले होते. मग सुटले."

नम्रता रडत होती. गंगुबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "माझ्या पोराचं पयलं सायकल चालवणं असंच बघवत नव्हतं मला," ती म्हणाली. "घरात ये, पाणी घे."

संकुलाचा विषय कुणी पुन्हा काढला नाही, सड्यावरचं तेच घर भाड्याने घेतलं. घरमालकाच्या परवानगीने दाराच्या दोन पायऱ्यांवर जांभ्याचे चिरे आणि सिमेंट घालून उतार केला. गटाराच्या लाद्या विनीतने शेजाऱ्यांना घेऊन जोडून बसवल्या. जूनमध्ये शमिका दीपालीबरोबर शाळेत जाऊ लागली. पहिला महिनाभर नम्रता रोज वळणापर्यंत येऊन उभी राहायची, मग तेही तिने सोडलं. कमळाआत्या सणाला आली की सगळ्यांना सांगते, शहरातल्या मुली कुणाचं ऐकत नाहीत, आणि मग दिवसभर शमिकाच्या मागे मागे फिरते.

असं सगळं छान झालं, असं मी म्हणणार नाही. खाऱ्या हवेने माझे सांधे गंजले. शमिका वाढली, मी नाही वाढले. ती दहावीला असताना तिच्यासाठी नवी खुर्ची आली आणि मला पडवीच्या टोकाला ठेवलं. एका पावसाळ्यात माझ्यावर ओली छत्री, मग कुंडी, मग रिकामी पोती आली. पागोळ्यांचं पाणी माझ्या चाकावर पडत होतं. मुद्दाम कुणी केलं नाही. विसरणं मुद्दाम होत नाही, मित्रांनो, म्हणूनच ते फार काळ चालतं.

शमिका आता कॉलेजात जाते. गेल्या आठवड्यात तिने मला बाहेर काढलं, गंज घासला, तेल घातलं, आसनाचं कापड बदललं. सावर्ड्याला सानिका नावाची एक लहान मुलगी आहे, मी तिच्याकडे जाणार आहे. शमिकाने तिच्या आईला फोनवर विचारलं, "तुमच्या दारापुढचा रस्ता कसा आहे?"  ती बाई म्हणाली, "तसा बघितलाच नाय कधी. आता बघते."

मला धाकधूक वाटते. तिथे पाखाडी असेल का, गटारावर लाद्या असतील का, रविवारी कुणी माझ्या चाकांना हात लावून बघेल का, मला काही ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिच्या चाकांत हवा ठेवा, तिला पावसात सोडू नका. आणि आज संध्याकाळी एकदा आपल्या दाराबाहेर उभं राहून रस्ता बघा. तुम्ही ज्यांना चारच पायऱ्या म्हणता, त्यांच्या खाली कुणीतरी थांबलेलं असू शकतं. ते दिसलं, तर उचलायची घाई करू नका. काय करू, ते आधी त्यालाच विचारा.