पत्र्याआडचे इंजिन

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, आणि मला पाणी लागत नाही. हल्लीच्या काही गाड्यांच्या पोटात पाणी खेळते, पंखा फिरतो, त्यांची चैन असते. माझ्या इंजिनाभोवती नुसत्या धातूच्या पातळ चकत्या आहेत, एकीखाली एक, मध्ये जेमतेम करंगळीचे टोक शिरेल एवढी फट. त्यांना फिन्स म्हणतात. समोरून येणारा वारा त्या फटींतून जातो आणि जाताना माझी धग घेऊन जातो. याखेरीज माझ्याकडे दुसरा इलाज नाही. धावत राहिले तर निवत राहते. जागच्या जागी घरघरत राहिले, की तापते.

तशी मी जन्मतःच तापलेली. वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतला, तो निवला, साचा फोडला आणि फिन्सच्या फटींत अडकलेली वाळू एका माणसाने तारेच्या ब्रशने खरवडून काढली. त्याला घाई नव्हती. एकेक फट उजेडाकडे धरून पाहायचा आणि आरपार दिसले तरच पुढे सरकवायचा. माझ्या आयुष्यातली ती पहिली माया.

मला घरी आणले ते टेलिफोन खात्यातल्या एका लाइनमनने. तारा दुरुस्त करायला त्यांना गावोगाव जावे लागे. आमच्या दोघांचे छान जमून गेले होते. ते खांबावर चढले, की मी खाली निवायची. ते उतरले, की आम्ही पुन्हा धावायचो. तारेचे भेंडोळे ते खांद्यावर घेत, पण माझ्या इंजिनापुढे कधी अडकवत नसत. बरोबरचे लोक थट्टा करायचे.

"बायकोला तरी एवढं जपतोस का रे?"

"बायको सावलीत असते," ते म्हणायचे.

माझी आठवण म्हणून त्यांच्या पोटरीवर भाजल्याचा एक चकचकीत डाग राहिला होता. त्याचे त्यांना काही वाटत नसे. पुढे ते निवृत्त झाले, मुलाने स्वतःसाठी स्कूटर घेतली आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात उभी राहिले. माझ्या हँडलवर पायपुसणी वाळू लागली. फटींत धूळ बसली, धुळीवर तेल बसले. असे बरेच दिवस गेले.

मग घरात नात चालू लागली. टुणटुण उड्या मारायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. तिला मी हवी असे. बाहुली नको, झोका नको, "आजोबा, गाडी" एवढेच. आजोबांनी मला पुसले, फटी साफ केल्या, आणि मी पुन्हा सुरू झाले. संध्याकाळी तिला पुढे टाकीवर बसवून ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चक्कर मारत. तिचे उघडे पाय बरोबर माझ्या इंजिनाच्या दोन्ही अंगांना लोंबत.

खारूची आई दारात उभी राहून ते पाय बघत असे. तिला सगळेच दिसायचे. टेबलाचा कोपरा, उघडी खिडकी, कढत चहाचा कप, आणि सासऱ्यांच्या पोटरीवरचा तो डाग.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, मी नको म्हणत नाही. पण हिचे पाय झाकल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"मग लांब मोजे घाल तिला."

"घातले. चौकापर्यंत जाऊन एक हरवून आली."

आजोबा हसले. मग त्यांची नजर त्या इवल्याशा पोटऱ्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला आणि त्याच्या पत्र्याचे कवच केले, दोन्ही बाजूंनी आणि पुढूनसुद्धा, कारण खारू पाय पुढे झुलवायची. सुनेने जुन्या घोंगडीचे तुकडे आतून शिवले, पत्र्याची धार लागू नये म्हणून कडाही दुमडल्या. दोघांनी मिळून ते कवच माझ्याभोवती तारेने आवळले. फार मन लावून केले त्यांनी. ज्या माणसाने जन्मभर माझ्यापुढे साधी पिशवी येऊ दिली नाही, त्याच माणसाने.

मुलगा कामावरून आला आणि बघत राहिला. "बाबा, हिला स्वेटर घातलंत? वारा कुठून जाणार?"

"दुकानापर्यंत तर जायचं. तेवढ्यात काय होतंय?"

चक्कर मारून आल्यावर खारूच्या आईने, ताप बघतात तशी, पत्र्यावर हाताची पालथी बाजू लावली. पत्रा कोमट होता. "आता कसं छान झालं," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती दारात उभी राहीनाशी झाली. पण पत्रा कोमट म्हणजे मी कोमट नव्हे, मित्रांनो. माझी धग घोंगडीच्या आत कोंडून राहिली होती.

दुकानापर्यंत खरेच काही झाले नाही. पण लहान मुलाला रोज तेच दुकान कसे पुरणार? खारूने नदीवरचा पूल मागितला, आणि आजोबांना तिला नाही म्हणता येत नसे. पुलाचा चढ लागला. पुढे एक टँकर रांगत होता, बाजूने जायला जागा नव्हती. ऊन होते, वेग नव्हता आणि वाऱ्याला आत यायला वाट नव्हती. माझ्यातले तेल पाण्यासारखे पातळ झाले. मी आतून खडखडू लागले, माझी ओढ कमी झाली. मला बोलायची हीच एक रीत येते. आजोबांना एके काळी ती नीट समजायची. आता त्यांना कमी ऐकू येई, आणि पुढे टँकर गर्जत होता.

"आजोबा, वास येतोय."

"टँकरचा आहे गं."

तो घोंगडीचा होता. त्यांच्या हे लक्षात आले तेव्हा माझा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसला होता. मागचे चाक एकदम थांबले. त्यांनी क्लच दाबला, पाय टेकला, पण म्हातारा पाय मुरगळला आणि आम्ही तिघेही आडवे झालो.

खारूची हनुवटी फुटली. आजोबांचा घोटा माझ्याखाली मोडला.

त्यानंतर काही दिवसांनी ओसरीवर, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून आजोबा बसले होते. सून चहा घेऊन आली.

"शिवण माझी होती, बाबा," ती हळूच म्हणाली.

"पत्रा माझा."

एवढेच. पुन्हा तो विषय त्या घरात कुणी काढला नाही. मिस्त्री येऊन सांगून गेला, की सिलिंडरवर चरे पडलेत, पण नवा दट्ट्या टाकून गाडी चालू होईल. त्याला होही कुणी म्हटले नाही आणि नाहीही. आजोबा काठी टेकत माझ्यासमोरून जायचे तेव्हा रस्त्याकडे बघायचे.

शेवटी लहान मुलांचे केस कापणाऱ्या एका न्हाव्याने मला नेले. मुले रडू नयेत म्हणून त्याला खुर्चीच्या जागी मोटरसायकल हवी होती. त्याने माझ्या पोटातले सगळे काढून टाकले, बाहेरच्या फिन्सना चकाकी आणली आणि मला बोल्ट ठोकून फरशीला जखडले. आता दिवसभर मुले माझ्यावर बसतात. त्यांच्या आया निवांत असतात. कापलेले बारीक केस उडून माझ्या फटींत बसतात आणि कुणी ते काढत नाही. काढायचे कारणही उरलेले नाही.

मित्रांनो, तापलेल्या इंजिनापासून पाय लांब ठेवा. तुमची आई त्यावरून ओरडत असेल तर ती बरोबरच ओरडते. पण जे तापते, ते झाकल्याने निवत नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल तर तिच्या फटी मोकळ्या ठेवा, चढ चढून आली की तिला सावलीत थोडी उसंत द्या. आणि पाय लहान असतील तर ते लांब होईपर्यंत तुम्हीच थोडे थांबा. आम्ही थांबू शकतो. कोंडलेल्या मात्र राहू शकत नाही.

परवा खारू आली होती, आईबरोबर. उंच झाली आहे. हनुवटीवर टाक्यांची पांढरी रेघ आहे. न्हाव्याने तिला उचलून माझ्यावर बसवले. तिने मला ओळखले का, ते कळले नाही. तिच्या उघड्या पोटऱ्या माझ्या फिन्सना टेकल्या आणि ती जरा दचकली.

"आई, ही गार आहे."

"हं."

"हिला बरं नाही का?"

खारूच्या कानाशी कात्री चालली होती, आणि आईचे डोळे त्या कात्रीच्या टोकावर होते.

"हलू नकोस," ती म्हणाली.